बायरन बे: समुद्र बघून परत फिरू नका, मागे जंगल आहे

रानवाट

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बायरन बेला जाणाऱ्यांचा बेत बहुतेक ठरलेला असतो. दीपगृह, मेन बीच, जॉन्सन स्ट्रीटवर खाणं, मुलांना सर्फिंगचा एखादा धडा आणि परतीचं विमान. त्यात वाईट काहीच नाही. पण समुद्राकडे पाठ करून तासभर गाडी हाकली की जे वर्षावन लागतं ते बहुतेकांचं राहून जातं. मी ब्रिस्बेनला राहते, तिकडे सारखं जाणं होतं, आणि दर वेळी वाटतं की हे कुणीतरी मराठीत नीट सांगायला हवं. म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घाला, ज्यांना जायचंय त्यांनी विचारा.

आधी जमिनीची गोष्ट, कारण ती कळली की पुढचं सगळं जुळत जातं. साधारण २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी इथे ट्वीड नावाचा अवाढव्य ज्वालामुखी होता. त्याचा लाव्हा चहूकडे पसरला आणि पुढे पावसाने, नद्यांनी तो कोरून काढला. मधोमध उरला वोलुंबिन, म्हणजे ज्वालामुखीच्या नळीतच गोठलेल्या खडकाचा सुळका, ११५० मीटरहून उंच. भोवती कड्यांचं वर्तुळ, अर्धं न्यू साउथ वेल्समध्ये आणि अर्धं क्वीन्सलंडमध्ये. लाव्ह्याची झीज होऊन लाल, सुपीक माती झाली. समुद्रावरून येणारे ढग याच उतारांवर अडतात. अशी माती आणि असा पाऊस एकत्र आले की जंगल उगवणारच.

बायरन, बॅलिना आणि लिस्मोर यांच्यामधल्या पठारावर एके काळी सुमारे ७५,००० हेक्टरचं सलग वर्षावन होतं. त्याला बिग स्क्रब म्हणतात. १८४० च्या दशकात तांबड्या सीडरसाठी लाकूडतोडे आले. हा सीडर म्हणजे आपला तूनच, वनस्पतिशास्त्र आज दोन्ही एकाच प्रजातीत धरतं. मागोमाग शेतजमिनींचं वाटप झालं, दुभती जनावरं आली, आणि १९०० सालापर्यंत जंगल जवळजवळ संपलं. आज त्यातलं १ टक्काही उरलेलं नाही, जे आहे ते तुकड्यातुकड्यांनी. बॅंगलो गावाकडे जाताना दिसणाऱ्या हिरव्यागार कुरणांना सगळे 'किती सुंदर' म्हणतात. मीही म्हणते, पण ती कुरणं कशाच्या जागी उभी आहेत हे माहीत असावं.

डोंगरात जे राहिलं, त्यातलं बरंचसं लोकांनी आडवं पडून वाचवलंय, आणि हे शब्दशः. १९७३ मध्ये इथल्या डोंगरांतल्या निंबिन गावात अक्वेरियस हा तरुणांचा महोत्सव झाला. त्यासाठी आलेल्यांपैकी अनेक तरुण त्या खोऱ्यांतच स्थायिक झाले. १९७९ च्या ऑगस्टमध्ये टेरानिया क्रीकचं जंगल तोडायला यंत्रं आली तेव्हा हेच लोक रस्त्यात बसले, बुलडोझरसमोर झोपले, झाडांवर चढले. अटका झाल्या, चौकशी बसली. शेवटी १९८२ मध्ये न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर (मुख्यमंत्री) नेव्हिल रॅन यांच्या सरकारने वर्षावनं राखायचा निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षी नाइटकॅप राष्ट्रीय उद्यान झालं. १९८६ मध्ये या वनांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आज ती 'गोंडवाना रेनफॉरेस्ट्स' या नावाने ओळखली जातात. टेरानिया क्रीकच्या धबधब्याचं नावच 'प्रोटेस्टर्स फॉल्स' आहे. चाल थोडीच आहे, जाऊन येऊन दीडएक किलोमीटर, दोन्ही बाजूंना बॅंगलो पामची उंच सरळ खोडं. खालच्या डोहात उतरायला मनाई आहे, कारण तिथे फ्लेज बार्ड फ्रॉग हा धोक्यात आलेला बेडूक राहतो. आपल्या अंगावरचं सनस्क्रीन आणि कीटकनाशक त्या पाण्यात जाऊ नये, एवढी साधी गोष्ट आहे.

एकच दिवस असेल तर मिनियन फॉल्स गाठा. शंभर मीटरच्या आसपास सरळ कोसळणारा धबधबा आहे, आणि वरचा सज्जा गाडीतळाला लागूनच. पायांत दम असेल तर तळापर्यंत जाणारी मोठी फेरी आहे, पण २०२२ च्या पावसानंतर या भागातल्या पायवाटा अनेकदा बंद-चालू होत आल्यात. म्हणून निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचाच.

झाडांपैकी वडाच्या कुळातली बघायला विसरू नका. पाखराने टाकलेलं बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतं, मुळं खाली सोडतं, ती जमिनीत शिरून जाडजूड होतात आणि आतल्या झाडाला आवळत नेतात. आतलं झाड कालांतराने मरून कुजतं, आणि उरतो आतून पोकळ असलेला मुळांचा मनोरा.

---

खारावारा

ताई, सुरेख लिहिलंय. आम्ही सिडनीहून सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. मुलं सात आणि अकरा वर्षांची. ऋतू बरोबर आहे का? आणि देवमासे दिसतील का? धाकट्याला दुसरं काही सुचत नाहीये.

---

रानवाट

ऋतू उत्तम निवडलाय. ऑगस्ट-सप्टेंबर हे तिथले त्यातल्या त्यात कोरडे महिने, फेब्रुवारी-मार्च सगळ्यांत ओले. आणि देवमाशांचंही जमतं. हंपबॅक साधारण जून-जुलैत अंटार्क्टिकाकडून उत्तरेला उबदार पाण्यात जातात आणि सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत पिल्लं घेऊन परततात. परतताना माद्या पिल्लांना सांभाळत सावकाश चालतात, त्यामुळे कधी कधी किनाऱ्याच्या बरंच जवळ येतात. बोटीचं तिकीट काढलंच पाहिजे असं नाही. केप बायरन हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं सर्वांत पूर्वेकडचं टोक, तिथल्या कठड्याशी दुर्बीण घेऊन तासभर बसा. आधी फवारा शोधायचा, मग त्याच दिशेला नजर रोखून ठेवायची.

मुलांना हेही सांगा की १९५४ ते १९६२ या काळात याच बायरन बेमध्ये देवमासे मारून त्यांचं तेल काढण्याचं केंद्र होतं. पूर्व किनाऱ्यावरचे हंपबॅक तेव्हा काही शेंवर आले होते, धंदा बंद पडला तो माराय‌ला देवमासे उरले नाहीत म्हणून. शिकार थांबली आणि आज त्यांची संख्या कित्येक हजारांत आहे. अकरा वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं.

पोहण्याबद्दल मात्र कडक राहा. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तिथेच, दोन झेंड्यांच्या मध्येच. पाणी शांत दिसतं तिथेच बऱ्याचदा रिप म्हणजे आत खेचणारा प्रवाह असतो. तलावात पोहता येणाऱ्यालाही तो झेपत नाही. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, तरंगत राहा आणि हात वर करा.

---

कडेलोट

वोलुंबिनवर चढून सूर्योदय बघायचा असा माझा फार दिवसांचा बेत आहे. जुन्या प्रवासवर्णनांत सगळे लिहितात की तिथे ऑस्ट्रेलियातला पहिला सूर्यकिरण पडतो. वाट बंद आहे म्हणतात, पण लोक जातात असंही ऐकलं. कुणी अलीकडे गेलंय का?

---

रानवाट

जाऊ नका, अगदी मनापासून सांगते. मार्च २०२० पासून शिखराची वाट बंद आहे. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, शिखराचा भाग 'आदिवासी स्थळ' म्हणून जाहीर झालेला आहे. इथले मूळ रहिवासी असलेल्या बुंदजलुंग लोकांसाठी तो पवित्र डोंगर आहे, आणि कुणी वर जावं याचे त्यांच्यात नियम आहेत. वाट खुली होती तेव्हाही 'चढू नका' अशी त्यांची विनंती पायथ्याशी लिहिलेली होती. लोक जातात हे खरं, म्हणून ते योग्य ठरत नाही. शिवाय दंडही होतो.

---

कडेलोट

पटतंय, पण थोडी रुखरुखही आहे. डोंगर सगळ्यांचा असतो असं मानत मी सह्याद्रीत वाढलो. इथे मी पाहुणा आहे हे मान्य, तरी एखादी जागा पूर्ण बंद करणं मला अवघड जातं.

---

मातीमाय

कडेलोट दादा, तुमची रुखरुख समजते. मी लिस्मोरजवळ राहते म्हणून दोन शब्द. इथे 'बंद करणं' हा एकच मार्ग आहे असं नाही. बायरनमधलंच उदाहरण घ्या. अराक्वाल लोक हे बुंदजलुंगांपैकीच, त्या किनाऱ्याचे मूळ रहिवासी. त्यांनी अनेक वर्षं वाटाघाटी केल्या आणि २००१ मध्ये सरकारशी करार झाला. त्यातून अराक्वाल राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. त्याची व्यवस्था ते आणि उद्यान खातं मिळून बघतात, आणि ते सगळ्यांना खुलं आहे. टॅलो बीचमागची ती झुडपी रानं आणि गवताळ पट्टे तुम्ही चालून बघा. म्हणजे ज्यांची जमीन, त्यांनीच बरंचसं उघडं ठेवलंय. एका शिखराबद्दल ते 'नको' म्हणतात, तेवढं आपण ऐकावं असं मला वाटतं.

सुळका नीट बघायचा असेल तर तो वरून नाही, समोरूनच दिसतो. बॉर्डर रेंजेस राष्ट्रीय उद्यानातल्या पिनॅकल लुकआउटवर पहाटे जा. ज्वालामुखीचं अख्खं खोरं खाली धुक्याने भरलेलं असतं आणि मध्ये वोलुंबिन. रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला.

---

कडेलोट

हे खरंच माहीत नव्हतं. पिनॅकल लुकआउट नोंदवून घेतलं, आभार.

---

पाखरमाया

पक्ष्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी लिहितो.

या डोंगरांत अल्बर्ट्स लायरबर्ड आहे. जगात तो फक्त न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडच्या सीमेवरच्या या थोड्याशा पट्ट्यात सापडतो. नर हिवाळ्यात गातो, आणि गाणं म्हणजे बहुतांशी इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला. एकाच झुडपातून सॅटिन बोअरबर्ड, कुकाबरा, पोपट असे ओळीने आवाज येऊ लागले की थबकायचं. पक्षी दिसणं नशिबाचा भाग, लाजाळू असतो. जून-जुलैत पहाटे नाइटकॅपच्या वरच्या भागात ऐकू येण्याची शक्यता चांगली.

दुसरी गोष्ट कापराच्या झाडांची. रस्त्याने जाताना डोंगरउतारांवर गोल माथ्याची, चकचकीत फिकट हिरव्या पानांची दाट झाडं दिसतात. नव्या माणसाला वाटतं हेच वर्षावन. पान चुरगळून वास घ्या, थेट देवघरातला कापूर! पूर्व आशियातलं हे झाड एकोणिसाव्या शतकात शोभेला, सावलीला म्हणून आणलं. जंगल तोडून केलेल्या गोठ्यांच्या जमिनी पुढे ओस पडू लागल्या तशी पाखरांनी बिया पसरवल्या आणि आता सगळीकडे तेच आहे. सरकारी यादीत ते तण आहे आणि ते काढलं पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण मूळ जंगलाची फळं गेल्यावर हिवाळ्यात फळखाऊ कबुतरांना याच झाडाने जगवलं. म्हणून इथले जाणकार जंगल-पुनर्वसनवाले सरसकट तोड करत नाहीत. थोडी थोडी मारत जातात आणि त्यांच्या सावलीत मूळची रोपं वाढू देतात. पाखरं त्या कापरावर बसून आसपासच्या तुकड्यांतल्या बियाही टाकत असतात, हा फायदा आहेच. अतिशय चिवट काम आहे ते. शेतकरी आणि स्वयंसेवक वर्षानुवर्षं करताहेत.

---

मातीमाय

पाखरमाया, अगदी. आमच्या शेजारच्या मॅकाडेमियाच्या बागेत ओढ्याकाठी हेच काम चाललंय. ओढ्याकडेची कापराची रांग कमी करून तिथे बूयाँग, लिलीपिली ही मूळची झाडं लावलीयत. मॅकाडेमिया हे मूळ इथलंच वर्षावनातलं झाड आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

---

खडूफळा

प्रामाणिक मत देते, राग मानू नये. बायरन बे मला आवडलं नाही. गर्दी, गाडी लावायला जागा नाही, राहायचे दर डोळे पांढरे करणारे. चार जणांच्या कुटुंबाला खिसा रिकामा करून तिथे जाण्यासारखं काय आहे? याच किनाऱ्यावर पन्नास शांत गावं आहेत.

---

रानवाट

राग कशाला? दर आणि गर्दीबद्दल तुमचं बरोबरच आहे. म्हणून मी बायरनमध्ये राहतच नाही. ब्रन्सविक हेड्स किंवा मलम्बिम्बी इथे राहते आणि सकाळी सातच्या आत दीपगृहावर पोहोचते. नऊनंतर तिथे चढू नये. बाजारही आतल्या गावांचे चांगले: मलम्बिम्बीचा शेतकरी बाजार शुक्रवारी सकाळी, बॅंगलोचा शनिवारी. भाजी, फळं, पाव घेऊन खोलीवर जेवलं की खर्च बराच आटोक्यात येतो.

पण दर का चढले हेही बघायला हवं. घरं सुट्टीच्या भाड्याला लागली आणि गावात काम करणाऱ्यांना राहायला जागा उरली नाही. परिचारिका, शिक्षक, हॉटेलातली मुलं दूरवरून ये-जा करतात, काही जण गाडीत झोपतात. सप्टेंबर २०२४ पासून बायरनच्या बहुतेक भागात, मालक स्वतः राहत नसेल तर घर वर्षातून ६० दिवसांहून जास्त सुट्टीच्या भाड्याने देता येत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. आपण जाताना शक्यतो हॉटेल, मोटेल किंवा कॅरव्हॅन पार्क बघावं.

---

खडूफळा

हे कारण लक्षात आलं नव्हतं. मलम्बिम्बीचा विचार करेन.

---

मातीमाय

मलम्बिम्बी, लिस्मोर बघायला येणार असाल तर एक सांगायचं आहे. २८ फेब्रुवारी २०२२ ला लिस्मोरला विल्सन्स नदीचं पाणी १४.४ मीटरवर गेलं. त्याआधीचा उच्चांक १९५४ चा, १२.२७ मीटर. लोकांनी घरं त्या जुन्या खुणेच्या वर उचलून बांधली होती, सामान वरच्या मजल्यावर नेलं होतं, आणि पाणी तिथेही शिरलं. रात्रीच्या अंधारात लोक छपरांवर बसले होते. त्यातल्या पुष्कळ जणांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपल्या लहान पत्र्याच्या होड्यांतून काढलं. वर डोंगरात दरडी कोसळल्या, मेन अार्म, विल्सन्स क्रीककडचे रस्ते वाहून गेले, खोरीच्या खोरी तुटली.

अजूनही रिकामी घरं दिसतील. सरकारने विकत घेतलेली काही उचलून दुसरीकडे नेली जात आहेत, काही पाडली जात आहेत. कृपा करून त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढू नका. त्यापेक्षा गावातल्या दुकानात जेवा, काही विकत घ्या, कुणी बोलायला आलं तर ऐका. इथल्या माणसांना बोलायचं असतं.

आणि पावसात गाडी चालवताना रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालायची नाही, कितीही उथळ दिसलं तरी. परत फिरा. खोऱ्यांत फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवा. पुराच्या मदतीला एसईएसचा (राज्य आपत्कालीन सेवेचा) क्रमांक १३२ ५००, जिवावर बेतलं तर ०००.

---

खारावारा

मातीमाय, वाचून गलबलून आलं. आम्ही येऊ तेव्हा लिस्मोरला नक्की थांबू.

आता बायकोचा प्रश्न: जळवा, साप, किडे. मुलांना न्यावं की नाही?

---

पाखरमाया

जरूर न्या. जळवा ओल्या दिवसांत असतात, त्रासदायक पण निरुपद्रवी. लांब मोजे घाला. गोचिडी मात्र गांभीर्याने घ्या. पूर्व किनाऱ्यावर पॅरालिसिस टिक असते, काहींना तिची तीव्र अ‍ॅलर्जी होते. रानातून आल्यावर मुलांचे कान, मान, केसांची मुळं तपासायची. चिकटलेली दिसली तर ओढायची नाही, दाबायची नाही. केमिस्टकडे तिला जागीच गोठवणारा स्प्रे मिळतो, तो मारायचा.

सापांपैकी कार्पेट पायथन दिसण्याची शक्यता जास्त, तो बिनविषारी. वाटेवर पडला असेल तर थांबायचं, तो जातो.

खरी काळजी घ्यायची ती एका झाडाची: जायंट स्टिंगिंग ट्री. हृदयाच्या आकाराची ताटलीएवढी मोठी पानं, बऱ्याचदा किड्यांनी भोकं पाडलेली, आणि जिथे झाड पडून ऊन आत येतं अशा मोकळ्या जागी वाटेकडेलाच उगवतं. पानांवर काचेसारख्या बारीक केसांची लव असते. ती टोचली की भयंकर आग होते, आणि थंड पाणी लागलं की महिन्यांनीसुद्धा परत ठणकतं. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये त्यातलं विष वेगळं काढलं, त्याची रचना कोळ्याच्या विषाशी मिळतीजुळती निघाली. लागलंच तर चोळायचं नाही, वॅक्सिंगच्या पट्टीने केस उपटून काढायचे. मुलांना पहिल्याच झाडाशी उभं करून ते पान ओळखायला शिकवा, मग वाट सोडायची नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

---

सांजवेळा

आई-बाबा डिसेंबरमध्ये येताहेत. आईचे दोन्ही गुडघे बदललेत, बाबांना चढ झेपत नाही. त्यांना जंगल दाखवायची फार इच्छा आहे. जमेल का हो?

---

रानवाट

जमेल, आणि चांगलं जमेल. दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथे गाडी लावायचे पैसे पडतात. १९०१ पासूनचं ते दीपगृह आणि खालचा समुद्र बाबांना बसूनही बघता येईल. मिनियनचा वरचा सज्जा गाडीतळाशीच आहे. बिग स्क्रबचा खरा तुकडा आतून बघायचा तर अल्स्टनविलजवळचं व्हिक्टोरिया पार्क राखीव वन: छोटंसं आहे, लाकडी फळ्यांची वाट आहे, वर नजर पोचत नाही अशी झाडं. आईंना तेवढं पुरे.

गोल्ड कोस्टच्या बाजूने परतणार असाल तर स्प्रिंगब्रुकचा बेस्ट ऑफ ऑल लुकआउट. चाल काहीशे मीटरच आहे, आणि वाटेत अंटार्क्टिक बीचची शेवाळलेली म्हातारी झाडं लागतात. त्यांचे भाऊबंद टास्मानिया, न्यूझीलंड आणि थेट दक्षिण अमेरिकेत आहेत. हे सगळे भूभाग एकत्र होते तेव्हापासूनचं ते कुळ. टोकाला गेलं की ज्वालामुखीचं खोरं समोर. धुकं असेल तर काही दिसत नाही, म्हणून सकाळी निघण्याआधी हवामान बघा.

डिसेंबरात आणखी एक लक्षात ठेवा. न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, क्वीन्सलंडमध्ये नसतं. गोल्ड कोस्टचा विमानतळ अगदी सीमेवर आहे, आणि फोन कधी या बाजूची वेळ दाखवतो कधी त्या. विमान क्वीन्सलंडच्या वेळेने सुटतं.

---

सांजवेळा

खूप आभार ताई. व्हिक्टोरिया पार्कला पाऊस झाल्यावर फळ्या घसरड्या होतात का? आई काठी घेऊन चालते.

---

मातीमाय

होतात, शेवाळ धरतं. काठीच्या टोकाला नवं रबर बसवून घ्या आणि दुपारी जा, तोवर फळ्या बऱ्यापैकी वाळलेल्या असतात.